दुरुस्तीनंतर नौकेची शक्ती का घटते?
हुगळीवरील यांत्रिक होड्यांच्या आधारे एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

यंत्र दुरुस्त केले म्हणजे ते पूर्वीपेक्षा चांगले चालावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. तथापि एंजिन पूर्ण खोलून, त्याचे झिजलेले भाग बदलून ते पुन्हा जोडल्यानंतर त्याची शक्ती वाढण्याऐवजी घटल्याचा अनुभव होड्यांच्या मालकांना अनेकदा येतो. पैसा खर्च झालेला असतो, कारागीर आपले काम चोख झाल्याचे सांगत असतो, एंजिन सुरूही होते. परंतु होडी पूर्वीसारखी पळत नाही. अशा वेळी बहुधा एंजिन पुन्हा खोलले जाते, आणि पहिल्या दुरुस्तीत जे शाबूत राहिले होते ते दुसऱ्या दुरुस्तीत बिघडते. एंजिन पुन्हा उघडण्यापूर्वी कोणती मापे घ्यावीत आणि त्या मापांवरून दोषाचे स्थान कसे ओळखावे, हे सांगणे हा या पुस्तिकेचा उद्देश आहे.

या विवेचनासाठी कोलकात्याजवळची हुगळी नदी हे उत्तम उदाहरण आहे. हुगळीवर यंत्राच्या बळावर चाललेली पहिली नौका म्हणजे ‘डायना’ ही वाफेची बोट. ती खिदिरपूर येथे बांधली गेली आणि १२ जुलै १८२३ रोजी पाण्यात उतरली. आज हावडा व बाबूघाट यांसारख्या धक्क्यांवरून मोठ्या लाँच ये-जा करतात. परंतु शहराच्या उत्तरेस व दक्षिणेस, तसेच सुंदरबनच्या खाड्यांमध्ये, लाकडी होडीवर डिझेल एंजिन बसवून केलेली साधी यांत्रिक होडी अद्याप लोकांच्या नित्य उपयोगाची आहे. तिच्या आवाजावरून बंगाली माणूस तिला ‘भटभटी’ किंवा ‘भुटभुटी’ म्हणतो. मोटारसायकलला ‘फटफटी’ म्हणणाऱ्या मराठी वाचकाला या नावाचे कुळ निराळे सांगावयास नको. या होड्यांत पुष्कळदा शेतीच्या पंपासाठी बनविलेले, एका सिलिंडरचे एंजिन बसविलेले असते. अशी एंजिने महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्याही परिचयाची आहेत. म्हणून पुढील विवेचनातील बराचसा भाग विहिरीवरच्या एंजिनालाही लागू पडेल.

होडीच्या बाबतीत मात्र प्रश्न केवळ खर्चाचा नसतो. विहिरीवरचे एंजिन दुबळे झाले तर पाणी कमी येते. नदीच्या मध्यभागी होडीचे एंजिन दुबळे झाले तर प्रवाह होडीला आपल्या मर्जीप्रमाणे नेतो. हुगळी ही भरती-ओहोटीची नदी आहे. उधाणाच्या दिवशी भरतीचे पाणी कधी कधी भिंतीसारखे उभे राहून नदीतून वर धावत येते. बंगालीत त्याला ‘बान’ म्हणतात. त्या वेळी किनाऱ्यालगतची लहान होडी सोडवून खोल पाण्यात नेण्याइतके बळ एंजिनात नसेल, तर ती आपटून फुटण्याचा किंवा उलटण्याचा धोका असतो.

२. थोडा वेग गेला, म्हणजे किती शक्ती गेली?

पाण्यात फिरणारा पंखा फिरविण्यास लागणारी शक्ती त्याच्या फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे दुप्पट करावयाचे असतील तर शक्ती आठपट लागते. हा नियम सर्व परिस्थितींत तंतोतंत लागू पडतो असे नाही. परंतु पंखा तोच, होडी तीच आणि भार तोच असेल, तर व्यवहारासाठी तो पुरेसा आहे.

एका होडीचे एंजिन दुरुस्तीपूर्वी पूर्ण भाराने मिनिटास १,५०० फेरे घेत होते आणि त्या वेळी १० अश्वशक्ती देत होते असे समजू. दुरुस्तीनंतर तेच एंजिन १,२०० फेऱ्यांच्या पुढे जात नाही. फेरे शेकडा ८० झाले. ०.८ चा घन ०.५१२ होतो, म्हणजे एंजिन आता जेमतेम ५ अश्वशक्ती देत आहे. फेरे एक-पंचमांशाने उतरले, परंतु शक्ती निम्म्याने गेली. फेरे शेकडा ९० असतील तर शक्ती शेकडा ७३ उरते.

संथपणे पाणी कापीत जाणाऱ्या होडीचा वेग साधारणतः पंख्याच्या फेऱ्यांच्या प्रमाणात असतो. म्हणून ताशी १० किलोमीटर जाणारी वरील होडी आता ताशी ८ किलोमीटर जाईल. डोळ्यांना हा फरक लहान वाटतो, आणि ‘एंजिन नवे आहे, हळूहळू मोकळे होईल’ असे समाधान करून घेतले जाते. परंतु नदीत प्रवाह असतो, हे येथे विसरले जाते.

ओहोटीचा प्रवाह ताशी ६ किलोमीटर आहे आणि पात्राची रुंदी अर्धा किलोमीटर आहे असे धरू. (हावडा पुलाच्या मधल्या गाळ्याची लांबी ४५७ मीटर आहे, त्यावरून या रुंदीची कल्पना येईल.) समोरच्या घाटावर नेमके पोहोचण्यासाठी नावाड्याला होडीचे तोंड प्रवाहाच्या विरुद्ध दिशेस तिरपे धरावे लागते. काटकोन त्रिकोणाच्या नियमाने, ताशी १० किलोमीटर वेगापैकी नदी ओलांडण्यासाठी ताशी ८ किलोमीटर उरतात आणि पावणेचार मिनिटांत पलीकडचा घाट येतो. होडीचा वेग ८ झाला तर ओलांडण्यासाठी सुमारे ५.३ च उरतात, आणि वेळ साडेपाच मिनिटांहून अधिक लागतो. वेग ६ पर्यंत उतरला, तर होडीला समोरचा घाट गाठणे अशक्यच होते. ती प्रवाहाबरोबर खाली वाहत जाते, आणि खाली नांगरलेली जहाजे, बोयरे व धक्क्यांचे खांब असतात. एंजिनाच्या कारखान्यात जो दोष ‘किरकोळ’ ठरतो, तो नदीच्या मध्यावर किरकोळ राहत नाही.

३. दोन मापे: फेरे आणि वेग

दोष शोधण्याचे काम पान्याने नव्हे, तर मापाने सुरू झाले पाहिजे. त्यासाठी दोन मापे पुरतात. पहिले, पूर्ण शक्तीने चालताना एंजिनाचे मिनिटास किती फेरे होतात. दुसरे, त्या वेळी होडीचा पाण्यातील वेग किती असतो. फेरे कानाने मोजता येत नाहीत. चार-धावी एंजिनात १,५०० फेऱ्यांना मिनिटास ७५० स्फोट होतात, म्हणजे सेकंदास साडेबारा. इतके मोजणे कोणाच्याही कानाला शक्य नाही. त्यासाठी फेरेमापक वापरावा. चाकावर चकाकता कागद चिकटवून दुरून वाचता येणारा फेरेमापक बाजारात मिळतो.

या दोन मापांपासून तीन निष्कर्ष निघतात.

(अ) फेरे पूर्वीइतके किंवा त्याहून अधिक, पण वेग कमी. एंजिन आपले काम करीत आहे. शक्ती एंजिनाच्या पुढे कोठेतरी वाया जात आहे. घसरणारा क्लच किंवा पट्टा, पाती मोडलेला पंखा, पंख्याभोवती शिरणारी हवा ही येथील संभाव्य कारणे होत. अशा वेळी एंजिन उघडणे हा निव्वळ अपव्यय आहे.

(आ) फेरेही कमी आणि वेगही कमी. येथे दोन शक्यता राहतात: एंजिन दुबळे आहे, किंवा त्याच्यावरील ओझे वाढले आहे. या दोहोंत भेद कसा करावा ते पुढे येईल.

(इ) फेरे व वेग दोन्ही पूर्वीइतकेच. याचा अर्थ शक्ती घटलेलीच नाही. पूर्वीच्या मापाची नोंद नसल्याने किंवा आवाजात फरक पडल्याने तसा भास झाला आहे.

तिसरा निष्कर्ष हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. परंतु हुगळीसारख्या नदीत तो चांगलाच विचारात घ्यावा लागतो.

४. भरती-ओहोटीचा चकवा

दुरुस्तीपूर्वी नावाड्याच्या मनात जो वेग ठसलेला असतो तो बहुधा काठावरील खुणांवरून ठरलेला असतो. काठाच्या मानाने होडीचा वेग आणि पाण्याच्या मानाने तिचा वेग या भिन्न गोष्टी आहेत. ताशी १० किलोमीटर जाणारी होडी ताशी ५ किलोमीटरच्या भरतीबरोबर वर जाताना काठावरून १५ किलोमीटर जाते, आणि त्याच भरतीविरुद्ध खाली येताना केवळ ५ किलोमीटर जाते. एंजिन मात्र दोन्ही वेळी सारखेच काम करीत असते. दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी प्रतिकूल प्रवाहात झाली, तर उत्तम एंजिनही निकामी ठरेल. अनुकूल प्रवाहात झाली, तर सदोष एंजिन उत्तम ठरेल.

यावर उपाय सोपा आहे. काठावरील दोन पक्क्या खुणांमधील अंतर मोजावे, आणि तेवढे अंतर लागोपाठ एकदा प्रवाहाबरोबर व एकदा प्रवाहाविरुद्ध कापावे. दोन्ही वेगांची सरासरी हा होडीचा खरा वेग होय. कारण एका फेरीत प्रवाहाने जितके दिले तितकेच दुसऱ्या फेरीत परत घेतले. वरील उदाहरणात १५ व ५ यांची सरासरी १० येते. सरासरी वेगांची काढावी, वेळांची नव्हे. वेळांची सरासरी घेतल्यास उत्तर चुकते. दोन फेऱ्यांमध्ये फार वेळ जाऊ देऊ नये, नाहीतर दरम्यान प्रवाहच बदलतो.

हवामानाचाही थोडा परिणाम असतो. एंजिन हवा आत घेते ती आकारमानाने. परंतु ज्वलनाला उपयोगी पडते तिचे वजन. जानेवारीच्या १५ अंश सेल्सियसच्या सकाळी जेवढी हवा सिलिंडरात मावते, तिच्यापेक्षा मे महिन्यातील ३८ अंशांच्या दुपारी वजनाने सुमारे शेकडा ७ कमी मावते. हिवाळ्यातील आठवणीशी उन्हाळ्यातील चाचणीची तुलना करताना हे ध्यानात ठेवावे.

५. एंजिन दुबळे, की ओझे अधिक?

फेरे कमी भरत असतील तर प्रथम एंजिन पंख्याच्या दंडापासून सोडवावे आणि रिकामे चालवून त्याचे सर्वाधिक फेरे पाहावेत. रिकाम्या स्थितीतही ते १,२०० च्या पुढे जात नसेल आणि धूर स्वच्छ असेल, तर दोष बहुतेक वेळा गतिनियामकात म्हणजे गव्हर्नरात, त्याच्या स्प्रिंगेत किंवा इंधनाच्या तारेत असतो. जोडणी करताना तार आखूड राहिली किंवा इंधन रोखणारा स्क्रू अधिक आवळला गेला, तर एंजिन निर्दोष असूनही त्याला पुरेसे इंधन मिळत नाही. दुरुस्तीनंतरच्या शक्तिनाशाचे हे सर्वांत स्वस्त कारण आहे, आणि म्हणूनच ते सर्वांत आधी पाहावे.

रिकामे एंजिन पूर्ण फेरे घेत असेल, पण ओझ्याखाली बसत असेल, तर होडीकडील दंड हाताने फिरवून पाहावा. तो सहज फिरला पाहिजे. एंजिन काढून पुन्हा बसविताना त्याचा व दंडाचा मध्य जुळला नाही, तर दंड धारव्यांत, म्हणजे बेअरिंगांत, घासत राहतो आणि शक्तीचा मोठा भाग उष्णतेत जातो. काही मिनिटे चालविल्यानंतर धारवा हाताला फार गरम लागणे ही या दोषाची खूण आहे. पंख्यात अडकलेली जाळी किंवा दोर, होडीच्या तळाला चिकटलेले शेवाळ, तळाशी साचलेले पाणी, दुरुस्तीच्या काळात भिजून जड झालेले लाकूड ही ओझे वाढण्याची इतर कारणे होत. होडी महिनाभर पाण्यात उभी राहिली असेल, तर दोष एंजिनाच्या माथी मारण्याआधी तिचा तळ पाहणे न्याय्य ठरेल.

माणसांचे ओझे हेही ओझेच आहे. होडी जितकी खोल बसते तितका पाण्याचा विरोध वाढतो, आणि तिचा काठ पाण्याच्या तितका जवळ येतो. मे २०१६ मध्ये कालना घाटाजवळ गर्दीने भरलेली होडी उलटून अनेकांचे प्राण गेले. ज्या होडीला भरल्यावर ओढ लागत नाही, तिला अधिक शक्तीचे एंजिन हवे आहे असे नसून कमी उतारू हवे आहेत, हा निष्कर्षही मापातूनच निघू शकतो.

६. एंजिनाच्या आतील चार कारणे

बाहेरील सर्व शक्यता निकालात निघाल्यावरच एंजिनाकडे वळावे. डिझेल एंजिनात हवा दाबली जाऊन इतकी तापते की तीत फवारलेले तेल ठिणगीवाचून पेटते. रूडॉल्फ डीझेल यांनी १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे यशस्वी करून दाखविलेले तत्त्व ते हेच. यासाठी चार गोष्टी लागतात: पुरेशी हवा, पुरेसा दाब, योग्य प्रमाणात व नीट फवारलेले इंधन आणि अचूक वेळ. दुरुस्तीनंतर शक्ती घटली असेल तर या चारांपैकी एकीत उणीव असते.

हवा. हवा गाळणारी जाळी तुंबलेली आहे का, आणि खोललेल्या नळीत चिंधी राहून गेली आहे का, हे प्रथम पाहावे. काम चालू असताना धूळ जाऊ नये म्हणून तोंडाला कोंबलेले फडके काढावयाचे राहून जाणे, ही कारखान्यांतील जुनी चूक आहे. जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळीत काजळी साचली असेल किंवा ती नळी अधिक लांब व वाकडी केली असेल, तर जुना धूर पुरता बाहेर पडत नाही आणि नव्या हवेला जागा उरत नाही.

दाब. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर आल्यावर हवा वातावरणाच्या तीस ते चाळीस पट दाबाखाली यावयास हवी. नव्या कड्या, म्हणजे रिंगा, सिलिंडरच्या भिंतीवर घासून नेमक्या बसेपर्यंत थोडा दाब निसटतो. म्हणून पहिल्या काही तासांत थोडी शक्ती कमी असणे हा दोष नव्हे. परंतु कडी उलटी बसली, कड्यांची तोंडे एका रेषेत आली, किंवा झडपा आपल्या बैठकीवर घट्ट बसल्या नाहीत, तर ही उणीव चालण्याने भरून येत नाही. झडप व तिला ढकलणारा दांडा यांतील फट, कारागिरांच्या भाषेत टॅपेट, शून्य झाली तर झडप कधीच पूर्ण मिटत नाही. माथ्याचे बोल्ट पहिल्या चालीनंतर पुन्हा आवळून ही फट पुन्हा मोजावी लागते. घाईत नेमके हेच राहून जाते.

माथ्याखालील पातळ गॅस्केटचाही येथे विचार करावा. आपल्याकडे सर्वत्र आढळणाऱ्या एका नमुन्याच्या एंजिनात सिलिंडरचा व्यास ८७.५ मिलीमीटर व दट्ट्याची धाव ११० मिलीमीटर असते. धावेचे आकारमान ६६१ घन सेंटिमीटर आणि संपीडन गुणोत्तर १७.५ असल्याने दट्ट्या वर असताना उरणारी जागा केवळ ४० घन सेंटिमीटर असते. मूळच्यापेक्षा अर्ध्या मिलीमीटरने जाड गॅस्केट घातले, तर ही जागा ३ घन सेंटिमीटरने वाढते आणि गुणोत्तर १६.३ वर येते. अर्धा मिलीमीटर म्हणजे जाड पुठ्ठ्याएवढा फरक. परंतु त्याने एंजिन सकाळी उशिरा पेटते आणि आपली कार्यक्षमता गमावते.

इंधन. तेलाच्या नळ्या खोलून जोडल्यावर आत हवेचे बुडबुडे राहतात. तेल दाबता येत नाही, हवा दाबता येते. म्हणून पंपाचा दाब बुडबुडा दाबण्यात खर्च होतो आणि फवारा अडखळतो. हवा काढून टाकणे हा येथील उपाय आहे. तेल फवारणारे नोझल बाहेर काढून चाचणीयंत्रावर पाहावे: फवारा धुक्यासारखा बारीक हवा, आणि शेवटी थेंब गळता कामा नये. उघड्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. त्या दाबाचे तेल कातडी भेदून आत शिरते आणि जखम दिसायला लहान असली तरी तिला तातडीने शस्त्रवैद्याची गरज असते.

वेळ. १,५०० फेऱ्यांच्या गतीत भुजादंड, म्हणजे क्रँकशाफ्ट, एका सेकंदात ९,००० अंश फिरतो. वर उल्लेखिलेल्या एंजिनात दट्ट्या माथ्याला पोहोचण्यापूर्वी सुमारे २३ अंश आधी तेल फवारणे सुरू होते. फवारा ५ अंश उशिरा सुरू झाला, तर तो उशीर सेकंदाच्या अठराशेव्या भागाइतकाच असतो. परंतु तेवढ्यात दट्ट्या खाली जाऊ लागतो आणि जळत्या वायूचा जोर वाया जातो. पुष्कळ एंजिनांत ही वेळ पंपाखाली घातलेल्या पातळ पत्र्यांनी जुळविलेली असते. खोलताना पडलेला एखादा पत्रा परत बसला नाही, तर वेळ बदलते आणि वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. झडपा उघडणाऱ्या दातेरी चाकाचेही असेच आहे. त्या चाकास ५० दाते असतील, तर एका दात्याची चूक म्हणजे भुजादंडाच्या १४ अंशांहून अधिक चूक होय. म्हणूनच दोन्ही चाकांवर जुळणीच्या खुणा कोरलेल्या असतात.

७. धुराची साक्ष

एंजिन न उघडता त्याच्या आतील स्थिती सांगणारा साक्षीदार म्हणजे धूर. ओझ्याखाली निघणारा काळा धूर हवा कमी किंवा तेल अधिक असल्याचे सांगतो. ओझे बेसुमार वाढले असेल तरीही धूर काळा होतो. पांढरा धूर न जळलेल्या तेलाचा असतो आणि तो उशिराच्या फवाऱ्याकडे किंवा कमी दाबाकडे बोट दाखवितो. तो थंडीत काही क्षण आला तर चिंता नको, पण तापल्यावरही येत राहिला तर माथ्याच्या गॅस्केटमधून सिलिंडरात पाणी शिरत नाही ना, हेही पाहावे. निळसर धूर वंगणाचे तेल जळत असल्याचे सांगतो; नव्या कड्या बसेपर्यंत तो थोडा असू शकतो. फेरे कमी आणि धूर मुळीच नाही, तर एंजिनाला इंधनच पुरते मिळत नाही.

८. फवाऱ्याने चालणाऱ्या लहान बोटी

दीघा व मंदारमणीच्या किनाऱ्यावर, तसेच गोव्याच्या व कोकणच्या किनाऱ्यांवर, ‘वॉटर स्कूटर’ नावाची एकदोघांना नेणारी बोट पर्यटकांच्या परिचयाची आहे. हिला बाहेर पंखा नसतो. तळातील जाळीतून पाणी आत ओढून एक फिरते चक्र ते मागील तोटीतून जोराने फेकते, आणि त्या फवाऱ्याच्या प्रतिक्रियेने बोट पुढे जाते. उथळ नद्यांसाठी अशा बोटींना व्यवहार्य रूप देण्याचे श्रेय १९५० च्या दशकात न्यूझीलंडचे बिल हॅमिल्टन यांनी केलेल्या कामाकडे जाते.

फेरे व वेग यांची कसोटी या बोटीला अधिकच चोख लागू पडते. कारण तिच्या चक्राचे ओझे बोटीच्या वेगावर फारसे अवलंबून नसते, ते जवळजवळ केवळ फेऱ्यांवर ठरते. फेरे भरपूर आणि ओढ नाही, असे झाले तर चक्राभोवतीचे कडे पाहावे. चक्राची पाती व हे कडे यांत अगदी बारीक फट ठेवलेली असते. वाळू व गाळ यांनी ती रुंदावली की फेकलेले पाणी पुन्हा मागे निसटते. आतील जाळीत जलपर्णीचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा अडकला, अथवा सांध्यातून हवा शिरली, तरी हेच होते. हुगळीच्या पाण्यात गाळही आहे आणि जलपर्णीही. तेथे असे यंत्र चालविणाऱ्याने ही तपासणी नित्याची मानावी. १९७५ मध्ये सुरू झालेल्या फराक्का बंधाऱ्यातून हुगळीत अधिक पाणी सोडण्याचा हेतूच मुळी बंदरातील गाळ वाहून जावा हा होता. यावरून या नदीच्या गाळाची कल्पना येईल.

फेरे कमी असतील तर दोष एंजिनात शोधावा लागतो. जुन्या वॉटर स्कूटरांची एंजिने दो-धावी असतात. त्यांत ताजी हवा व पेट्रोल प्रथम भुजादंडाच्या पेटीत येऊन दाबले जातात. म्हणून पेटीचे सांधे व दंडाभोवतीच्या रबरी कड्या हवाबंद असणे अत्यावश्यक आहे. तेथून हवा शिरली तर शक्ती घटतेच, शिवाय मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण कमी होऊन ज्वलन अतितप्त होते आणि दट्ट्याचा माथा वितळतो. नव्याने बांधलेले एंजिन काही तासांतच पुन्हा जळाले तर त्याचे कारण पुष्कळदा हे असते. म्हणून जोडणी झाल्यावर सर्व तोंडे बंद करून पेटीत अल्प दाबाची हवा भरावी आणि दाब टिकतो की उतरतो ते पाहावे. अलीकडच्या चार-धावी बोटींत एक इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो. एखाद्या संवेदकाचा संकेत चुकला की तो एंजिन वाचविण्यासाठी फेरे मुद्दाम रोखून धरतो. तेथे पान्याआधी नियंत्रकातील नोंद वाचावी.

९. तपासाचा क्रम

वरील विवेचनावरून पुढील क्रम निश्चित होतो.

(१) दुरुस्तीपूर्वीच, पूर्ण शक्तीवरील फेरे, दोन्ही दिशांचा सरासरी वेग, होडीतील भार आणि धुराचा रंग यांची नोंद करून ठेवावी.
(२) दुरुस्तीनंतर तितक्याच भाराने तीच मापे पुन्हा घ्यावीत.
(३) फेरे भरपूर असतील तर पंखा, क्लच व दंड पाहावा. एंजिनाला हात लावू नये.
(४) फेरे कमी असतील तर प्रथम इंधनाची तार व नियामक, नंतर दंडाची जुळणी, तळ व भार पाहावा.
(५) त्यानंतर हवा, तेलातील बुडबुडे, टॅपेट, फवाऱ्याची वेळ व नोझल या क्रमाने जावे. हे सर्व माथा न काढता होते.
(६) माथा सर्वांत शेवटी काढावा, आणि तोही दाबाचे माप कमी आले तरच.
(७) एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा मापे घ्यावीत. दोन बदल एकत्र केले आणि गुण आला, तर कोणत्या बदलाने तो आला हे कधीच कळत नाही. गुण आला नाही, तर एकाचा लाभ दुसऱ्याच्या हानीने झाकला गेला नाही ना, हेही कळत नाही.
(८) ही चाचणी उतारूंवाचून, दिवसाउजेडी आणि बानाची वेळ टाळून करावी. होडीत वल्ही, नांगर व जीवरक्षक जाकिटे असावीत.

१०. समारोप

अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ याने १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली असून त्यात यंत्राने चालणाऱ्या नौकांची नोंदणी व तपासणी यांची तरतूद आहे. परंतु सरकारी तपासनीस ठरावीक काळाने येतो. नावाडी रोज नदीवर असतो. त्याच्या हाती फेरेमापक, घड्याळ आणि एक वही असेल, तर आपल्या एंजिनाचा तो स्वतःच तपासनीस होऊ शकतो.

शक्ती हा डोळ्यांना दिसणारा पदार्थ नव्हे. ती फेरे, वेग व भार यांच्या मापांतूनच कळते. कारागिराचा कान आणि हात यांचे मोल मोठे आहे, परंतु कानाने पकडलेला संशय मापाने सिद्ध झाला म्हणजेच त्याचे निदान होते. हे ज्या घाटावर रूढ होईल, तेथे चांगली एंजिने विनाकारण उघडली जाणार नाहीत, आणि सदोष एंजिनाच्या भरवशावर भरलेली होडी ओहोटीच्या तोंडी सोडली जाणार नाही.